नदीतला माणूस

उभं राहा असं कोणी म्हटलं नव्हतं. मी टेपचं बटण दाबलं, ऑर्गनचा एक लांब सूर निघाला, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत अन् अंगणातल्या मांडवात बसलेली सगळी मंडळी एकदम उठून उभी राहिली. आमच्यात गीत उभं राहून म्हणतात. गीत संपतं, आमेन होतं, मग बसायचं. लहानपणापासूनची सवय. सूर कानावर पडला की गुडघे आपोआप सरळ होतात.

काहींनी गीतांची पुस्तकंही उघडली.

"कितवं?" रत्नाक्कांनी मागून विचारलं. आमच्या गल्लीतल्या त्या सगळ्यांत वयस्कर. चष्मा कपाळावर ठेवून पुस्तक शोधणाऱ्या.

"पुस्तकात नाही, आक्का," मी म्हणालो.

"मग म्हणायचं कसं?"

"म्हणायचं नाही. ऐकायचं."

"उभं राहून?"

टेपवर अजून शब्द सुरू झाले नव्हते. ऑर्गनमध्ये बासरी मिसळली, मग गिटार आलं, मग ड्रम वाजायला लागले. माझा मेहुणा एलिशा माझ्याकडे बघत होता. त्याची नजर मी टाळली आणि टेबलावरच्या प्रेमलाच्या फोटोकडे बघितलं.

प्रेमला म्हणजे माझी बायको. तिला जाऊन त्या रविवारी वर्ष झालं होतं. पहिल्या वर्षाची स्मरणोपासना घरी ठेवली होती. दोन गीतं, वचन, प्रार्थना, पाळकसाहेबांचा आशीर्वाद, आणि मग मटण आणि भात. सगळं रीतीप्रमाणे होतं. फक्त ती कॅसेट रीतीत बसत नव्हती.

प्रेमला नगरला मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिथे नॉर्वेहून आलेल्या इंगाबाई म्हणून होत्या. परत जाताना त्यांनी प्रेमलाला ती कॅसेट दिली. त्यांचा भाऊ त्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट होती, इंग्रजीत, गाण्यांतून सांगितलेली. गोष्ट एका सुताराची. त्याला राजाच्या नगरीत बोलावणं येतं. तिथे तुझ्यासाठी घर तयार आहे, असं कळतं. पण निघताना कोणीतरी त्याला सांगतं की तिथल्या घरांना दारं नसतात. म्हणून हा आपल्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढतो, पाठीवर बांधतो आणि चालायला लागतो.

मी एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. मला गाण्यातलं कळत नाही आणि इंग्रजी त्याहून कळत नाही. शेवटच्या दुखण्यात प्रेमला संध्याकाळी ती कॅसेट लावायला सांगायची आणि मला एकेक गाणं समजावून सांगायची. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच तो सुतार एका मोठ्या नदीशी येतो, दार पाण्यात टाकतो, त्यावर पालथा पडतो आणि हातांनी पाणी मारत निघतो. तिथे आलं की प्रेमलाचा डोळा लागायचा. मी टेप बंद करायचो.

एकदा मी विचारलं, "पोहोचतो का तो?"

"ऐका म्हणजे कळेल."

"तू सांग ना."

"मी सांगणार नाही. आणि तुम्ही एकट्यानं ऐकायचं नाही. माझ्या वर्षाच्या उपासनेला सगळ्यांना घरी बोलवा आणि शेवटपर्यंत लावा. शब्द द्या."

मी शब्द दिला. वर्षभर कॅसेट कपाटात होती. किती वेळा हातात घेतली आणि परत ठेवली. तो माणूस वर्षभर नदीत होता आणि मला त्याची काळजी लागली होती, हे कोणाला सांगितलं असतं तर मला दवाखान्यात नेलं असतं.

आमचे पाळक सुधांशू ओहोळ तेव्हा नवीन होते. त्यांची परवानगी काढायला गेलो तर म्हणाले, "बाईंच्या आवडीचं एक गाणं लावायला काय हरकत आहे? फक्त एकच. मला नंतर भिंगारला साखरपुड्याला जायचंय."

"एकच आहे, साहेब," मी म्हणालो. "जरा मोठं आहे."

मी खोटं बोललो नव्हतो.

तर मंडळी उभी होती. सुरुवातीचा तुकडा नुसत्या वाद्यांचा होता आणि संपायचं नाव घेत नव्हता. मला तो आवडायचा. इंजिन खोललं की आम्ही सगळे सुटे भाग पोत्यावर ओळीनं मांडायचो. तसं ते वाजवणारे सगळ्या चालींचे तुकडे आधी मांडून ठेवतात, असं मला वाटायचं. पण मंडळींना पोतंही दिसत नव्हतं आणि इंजिनही. त्यांना आपले पाय दिसत होते.

मग आवाज हळूहळू उतरला. बासरी तेवढी राहिली, तीही विरली.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

"आमेन," सगळे म्हणाले आणि बसायला वाकले.

तेवढ्यात सगळी वाद्यं मिळून अशी काही उसळली की अर्धवट वाकलेली माणसं परत ताठ झाली. रत्नाक्कांच्या हातातलं पुस्तक पडलं. सुतार गायला लागला.

दुसरं गाणं संपलं तेव्हा पाळकसाहेबांनी थोडं थांबून आमेन म्हटलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी तोंड मिटलं. पण मांडवातल्या लोकांना आमचं काही दिसत नव्हतं. त्यांनी आमेन म्हटलंच.

"मी बसते," रत्नाक्का म्हणाल्या. "देवाला राग आला तर मी वर गेल्यावर बघून घेईन."

त्या बसल्या तसे सगळेच बसले. एलिशा तेवढा उभा राहिला. तो प्रेमलाचा धाकटा भाऊ, निवृत्त शाळामास्तर, आणि मंडळीच्या भजनात तबला वाजवणारा. त्याला उपासनेला भजनच हवं होतं. त्यासाठी तो तबलाही घेऊन आला होता आणि तो तबला कोपऱ्यात कापडाखाली तसाच पडला होता.

"दाजी," तो माझ्या कानाशी आला. "माझ्या बहिणीची उपासना आहे. हे काय लावलंय? ना ताल, ना सूर."

"तिनंच सांगितलं होतं."

"तिला ताप असेल तेव्हा."

"एलिशा, ऐक तरी."

"काय ऐकू? ड्रमवाला एकीकडे आणि बाकीचे..." तो मध्येच थांबला. खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळानं बघतो तर त्याची बोटं मांडीवर चालत होती.

प्रेमलाच्या दवाखान्यातली मैत्रीण शुलमिथबाई समोरच राहायची. तिला इंग्रजी चांगलं यायचं. लोक कंटाळलेले बघून ती स्वतःच उठली आणि गाण्यांच्या मधल्या जागेत गोष्ट सांगायला लागली. दाराचं ऐकल्यावर मांडवात चुळबुळ झाली.

"दार काढून नेलं? घर उघडं टाकून?" रत्नाक्का म्हणाल्या.

"हो, आक्का."

"त्याची बायको काही बोलली नाही?"

"बायकोचं काही सांगितलेलं नाही."

"नसेलच. असती तर दार नेऊ दिलं असतं होय?"

मागे कोणीतरी हसलं. पाळकसाहेबही हसले आणि मग घड्याळ बघितलं.

पुढे वाटेत त्याला माणसं भेटतात. एक सावकार दार विकत मागतो. एक शिपाई म्हणतो, परवाना दाखव. एक उपदेशक त्याला सांगतो की दार नेणं म्हणजे विश्वास कमी असल्याची खूण आहे, आणि पाऊस आल्यावर तोच त्या दाराखाली येऊन उभा राहतो. हे ऐकून सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "मी छत्री आणतो."

"सात मात्रा आहेत," एलिशा अचानक म्हणाला. तो कुणाशीच बोलत नव्हता. "रूपक तालासारखं. पण दर दुसऱ्या आवर्तनाला तीन मात्रा गिळतो लबाड."

पहिली बाजू संपली. मी कॅसेट काढून उलटी घातली. तेवढ्या वेळात आशीर्वाद उरकावा म्हणून पाळकसाहेब उठत होते, पण एलिशानं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "थांबा साहेब, त्या मात्रा कुठं जातात ते बघू द्या."

दुसरी बाजू सुरू झाली. नदी आली. त्या गाण्याची सुरुवात मला पाठ होती. खालून ऑर्गन एकाच जागी घुमत राहतो, वर गिटार लाटांसारखं चढतं-उतरतं, आणि सुताराचा आवाज लांबून येतो. शुलमिथबाईनं सांगितलं, "आता तो मध्यावर आला. मागचा काठ दिसेना, पुढचाही दिसेना. दारात पाणी मुरलंय. दार जड होत चाललंय."

मांडवात कोणी हलत नव्हतं. या टोकाला मी आजवर कधी आलो नव्हतो.

आणि लाइट गेली.

पंखा गरगरत थांबला. टेपमधून एक म्हशीसारखा आवाज निघाला आणि तोही थांबला.

मग पाळकसाहेब उठले. त्यांचंही चूक नव्हतं. साखरपुड्याचे लोक भिंगारला वाट बघत होते, आणि मागच्या अंगणात आचारी दोनदा झाकण काढून बघून गेला होता.

"शांतवनराव," ते हळूच म्हणाले, "आता आशीर्वाद देतो. राहिलेलं तुम्ही सावकाश ऐका."

"साहेब, माणूस नदीत आहे," मी म्हणालो.

"ते कळतंय मला. पण लाइट कधी येईल सांगता येत नाही."

"त्याला तिथं सोडून आशीर्वाद कसा द्यायचा?"

"अहो, ती गोष्ट आहे."

"असेल. पण आजच्या दिवशी मी कोणाला नदीत सोडणार नाही."

माझा आवाज जरा चढला असावा. मला वाटलं, आता एलिशा बोलणार. पण शुलमिथबाई बोलली.

"साहेब, मलाही पुढचं माहीत नाही. इतक्या वेळा ऐकली कॅसेट, पण इथपर्यंतच."

"म्हणजे?" मी विचारलं.

"दुपारची ड्यूटी नसली की आम्ही बायका तुमच्याकडे बसून ऐकायचो, भाऊ. नदी आली की तुमची सायकल फाटकाशी वाजायची. प्रेमला म्हणायची, आले आमचे, आणि टेप बंद करून आधण ठेवायची. मग आम्ही आपापल्या घरी."

"मी पण यायचे की, नदीच्या वेळेला," रत्नाक्का म्हणाल्या. "मला वाटायचं गाणं तेवढंच आहे. बुडाला बिचारा, असं म्हणून मी सोडून दिलं होतं."

आता सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी वेळेवर घरी येणारा माणूस म्हणून ओळखला जायचो. त्या गोष्टीचा कोणाला त्रास झाला असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

"सेल घाला," एलिशा म्हणाला. "या टेपला मोठे सेल लागतात ना?"

"सहा लागतात. माझ्याकडे एकही नाही."

"घरोघरी बॅटऱ्या आहेत. आणा रे," तो ओरडला आणि स्वतःच चपला घालून पळाला. ज्याला ती कॅसेट बंद करायची होती, तो सगळ्यात आधी सेल घेऊन आला. शुलमिथबाईच्या यजमानांनी दोन आणले. पाळकसाहेब बाहेर गेले तेव्हा मला वाटलं गेले भिंगारला. ते स्कूटरच्या डिकीतली बॅटरी घेऊन परत आले आणि तिचं बूड फिरवता फिरवता म्हणाले, "साखरपुडा काय, थोडा उशिरा झाला तरी होतो."

सेल काही नवे, काही अर्धे, एक तर गंजलेला. मी त्याचं टोक कानशीवर घासलं आणि बसवला. बटण दाबलं. टेप चालला, पण चढावर भरलेली गाडी चालते तसा. सुताराचा आवाज इतका खाली गेला की गातोय की घोरतोय कळेना.

"म्हातारा झाला तो," रत्नाक्का म्हणाल्या. "किती दिवस पाण्यात आहे."

शुलमिथबाई टेपला कान लावून बसली. शब्द ओळखायला तिला वेळ लागत होता. "काठ दिसला," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती वाद्यं. मग, "काठावर माणसं आहेत. त्याला ओढून घेतात. दारासकट."

मांडवातून एक मोठा श्वास सुटल्यासारखा झाला. माझाही सुटला.

"अकरा," एलिशा म्हणाला.

"काय अकरा?"

"मात्रा. आता सावकाश झालं तेव्हा सापडलं. सात आणि चार. मात्रा गिळत नाही तो, पुढं देतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मात्रांमुळे होतं की बहिणीमुळे, मी विचारलं नाही.

सुतार नगरीत येतो. तिथे खरंच कुठे दार नसतं. कुंपण नाही, कडी नाही, सगळं मोकळं. त्याला लाज वाटते. एवढं ओझं फुकट वाहिलं, असं त्याला वाटतं. राजा स्वतः पुढे येतो आणि विचारतो, काय आणलंस? तो मान खाली घालून म्हणतो, दार.

शुलमिथबाई थांबली.

"राजा काय म्हणतो?" दोघातिघांनी एकदम विचारलं.

"थांबा, कळत नाहीये." तिनं कान आणखी जवळ नेला. "राजा म्हणतो, बरं झालं. माणसं फार आलीत, जेवायचे पाट कमी पडलेत. ते दार आडवं टाकतात आणि त्यावर जेवण मांडतात."

टेप आता अगदीच रखडत होता. सुरुवातीला पोत्यावर मांडलेले सगळे भाग एकत्र येत होते, बासरीचा तुकडा, ऑर्गनचा, चालण्याची ती चाल, सगळे एकमेकांत बसत होते. मला ते कळत होतं आणि सेल संपत होते. शेवटचा सूर उचलायला टेपमध्ये जोर राहिला नाही.

तेव्हा लाइट आली. वायर बोर्डात तशीच होती. टेपनं एकदम वेग घेतला आणि तो शेवटचा सूर असा भरून निघाला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. वर पंखा फिरायला लागला. सूर लांबला, लांबला, आणि थांबला.

कोणी आमेन म्हटलं नाही. सगळे इतक्या वेळा फसले होते की आता पुन्हा काही उसळेल म्हणून वाट बघत होते. टेप नुसता खरखरत होता. पाळकसाहेबांनी भुवया उंचावून मला विचारलं. मला तरी काय माहीत?

मग बटण आपोआप वर उडालं.

"आमेन," मी म्हणालो. बाकीच्यांनी मागून म्हटलं. आशीर्वाद झाला.

ताटं मांडायची गडबड सुरू झाली तेव्हा मी शुलमिथबाईला बाजूला घेतलं. वर्षभर मनात होतं ते विचारलं. "शेवट साधाच आहे. मग तिनं मला का सांगितला नाही? तुम्हाला काही बोलली होती?"

शुलमिथबाई हातातला भाताचा डाव तसाच धरून उभी राहिली.

"मी विचारलं होतं तिला," ती म्हणाली. "म्हणाली, सांगितला तर हे माझ्यामागं कोणाला घरी बोलावणार नाहीत. चहासुद्धा एकटे पितील. काहीतरी अर्धं ठेवलं पाहिजे."

खरं तर त्या वर्षात मी कोणालाच बोलावलं नव्हतं. शुलमिथबाई समोर राहायची, पण आमच्या उंबऱ्याच्या आत ती वर्षानं आली होती.

मटण गार झालं होतं. कोणी तक्रार केली नाही. पाळकसाहेबांनी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि स्कूटर काढली. एलिशा पंगतीत बसून शेजारच्याला सात आणि चारचा हिशेब ताटाच्या कडेवर वाजवून दाखवत होता. शेजारचा हो हो म्हणत जेवत होता. मी पाण्याची कळशी घेऊन वाढायला निघालो, तर पेले संपलेले. घरातले सगळे पेले, तांबे, प्रेमलाची काचेची भांडीसुद्धा, सगळं पंगतीत गेलं होतं, आणि मांडवातली अर्धी माणसं अजून पाण्यावाचून बसली होती.

"भाऊ, आमच्याकडचे आणू का?" शुलमिथबाईनं विचारलं.

"आणा," मी म्हणालो. "आणि उद्या दोघं न्यायला या."